दोन झाकणांची कोठी

खंडेनवमीच्या सकाळी माझा थोरला भाऊ संपत कारंज्याच्या वीजघरात कोठीजवळ बेशुद्ध पडला. आम्ही त्याला बाहेर आणले. तो शुद्धीवर आला. संध्याकाळी त्याने कोठी फुलवली आणि आम्ही बाजाराचे दिवे लावले.

दादा यंदाच्या उन्हाळ्यात गेला. दिवाळी अंकासाठी विजेच्या नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असे संपादकांचे पत्र त्याच सुमारास आले. माझी बरीचशी नोकरी पुढे मोठ्या उपकेंद्रांवर झाली. तिथेही सांगण्यासारखे पुष्कळ घडले. पण लिहायला बसलो की मन त्या एका हिवाळ्यापाशी जाऊन थांबते. तेव्हा तेच लिहितो. मला लिहायला वेळ लागतो. एक परिच्छेद झाला की मी मळ्यात चक्कर मारून येतो.

आधी कोठी म्हणजे काय ते सांगायला हवे. आज वीज कुठून येते हे कोणी विचारत नाही. दूर कुठे तरी मोठ्या केंद्रात ती तयार होते, मनोऱ्यांवरच्या तारांवरून गावोगाव येते आणि एक केंद्र थकले तर दुसरे त्याचा भार उचलते. आमच्या वीजघराचा भार उचलणारे दुसरे कोणी नव्हते. जिनिंग फॅक्टरीच्या आवारात एक इंजिन, त्याला पट्ट्याने जोडलेला एक डायनॅमो आणि त्यांच्या जिवावर कारंज्याचा बाजार, दवाखाना आणि स्टेशनचा रस्ता. इंजिन थांबले की सगळे कंदील शोधू लागत.

इंजिन पूर्वी तेलावर चालायचे. युद्ध सुरू झाले आणि तेल मिळेनासे झाले. मालकांनी इंजिन बदलून घेतले आणि शेजारी गॅसची कोठी बसवली. आतून विटांनी मढवलेले, माणसापेक्षा उंच असे लोखंडी पिंप, ही आमची कोठी. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, पण पुरता जळू द्यायचा नाही. खालून थोडी हवा, थोडी वाफ एवढेच द्यायचे. त्यातून जो वायू निघतो तो पाण्याने धुऊन घ्यायचा आणि इंजिनात सोडायचा. तिथे तो भडकतो आणि चाक फिरते. कोळसा मानोरा गावाकडच्या जंगलातून बैलगाड्यांनी यायचा. धावड्याच्या लाकडाचा असला तर दादा खूश असे. ओला आला तर गाडीवाल्याशी त्याची जी बोलाचाली होई ती इथे लिहिण्यासारखी नाही.

हा वायू दिसत नाही. त्याला वासही नसल्यासारखाच. पुस्तकात त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात, आम्ही नुसते 'गॅस' म्हणत असू. तो माणसाच्या रक्तात शिरतो आणि हवेची जागा अडवतो. डोके ठणकते, पाय लुळे पडतात आणि माणूस झोपल्यासारखा जातो. इंजिन चालू असताना भय कमी, कारण इंजिन त्या वायूला सतत ओढून घेत असते. कुठे फट असली तर बाहेरची हवा आत जाईल, आतले बाहेर येणार नाही. खरे भय इंजिन थांबलेले आणि कोठीत विस्तव धुमसत असताना. म्हणून गॅसघराला एका बाजूने भिंतच नव्हती. आणि म्हणूनच कोळसा टाकायच्या तोंडाला दोन झाकणे होती, एक वर, एक खाली. वरचे उघडून कोळसा मधल्या डब्यात ओतायचा, वरचे घट्ट लावायचे आणि मगच दांडा ओढून खालचे उघडायचे. दोन्ही एकदम उघडायची नाहीत. कोठीवर येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा हे शिकवत, बाकी सगळे नंतर.

आम्ही माळी. आमचा भाजीचा मळा गावाला लागूनच होता. दादाने तो वडिलांवर सोपवून फॅक्टरी धरली आणि मी मॅट्रिक झाल्यावर मलाही तिथे आणले. तो कोठीवर, मी भिंतीच्या अलीकडे स्विचबोर्डवर आणि मधे इंजिनाशी करीम मिस्त्री. माझे काम असे की व्होल्टच्या सुईवर नजर ठेवायची. ती चढली तर उतरवायची, उतरली तर चढवायची. बाहेरच्याला हे काम कंटाळवाणे वाटेल. मला वाटत नसे. दादाने कोळसा टाकला, राख खरडली, हवा कमी केली, हे सगळे मला भिंतीपलीकडून सुईवर दिसायचे. त्याचा हात इतका सारखा होता की दहा-दहा मिनिटे ती हलतसुद्धा नसे. मग मी मांडीवर पुस्तक उघडत असे.

गिऱ्हाईक नाना तऱ्हेचे. कामरगावहून कापूस घेऊन येणारे गाडीवाले वायू धुतलेले काळे पाणी घागरी भरभरून नेत. बैलांच्या गोचिडांवर ते उतारा आहे असे त्यांच्यात पसरले होते. एकदा एका म्हाताऱ्याने दादाला विचारले, "पोटात घेतलं तं चालते काय, संपत?"

"बैलाले इचार," दादा म्हणाला. "त्यानं हाव म्हटलं तं तू घे."

दुसरे पोपटलालशेठ, कापडाचे व्यापारी. आपला दिवा समोरच्या दुकानापेक्षा मंद जळतो अशी त्यांची कायमची तक्रार. एकदा मी शिडी लावून दोन्ही दुकानांचे दिवे अदलाबदल करून दाखवले. दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा हजर. "बाबू, दिवा बदलला, पण उजेड त्याच्याकडेच राहून गेला." ते थट्टा करीत की खरेच बोलत, हे मला कधी कळले नाही. त्यांचा डोळा मात्र तीक्ष्ण होता.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. इंजिन थांबवून पुसायचे, चाकाला हार घालायचा, हळदकुंकू, नारळ, दारात कोहळा. करीम मिस्त्रीच सकाळी झेंडूच्या माळा घेऊन येत आणि हार वाकडा बसला तर रागवत. त्या वर्षी दादाच्या मनात कोठीचीही साग्रसंगीत पूजा करायचे आले. गॅसघराच्या उघड्या बाजूला त्याने फॅक्टरीतल्या जाजमा बांधून मखर केले. आत समई, केळीचे खांब. विस्तव विझवला नव्हता, कारण संध्याकाळी दिवे लावायचे होते आणि गार कोठी तापायला वेळ लागतो. पूजा झाली, आरती झाली. प्रसाद घ्यायला आम्ही सगळे बाहेर आलो. दादा मागे राहिला. त्याला अग्नीला तूप-खोबऱ्याची आहुती द्यायची होती.

आहुती मधल्या डब्यात अडकून कशी चालेल? ती विस्तवातच पडायला हवी. म्हणून त्याने दोन्ही झाकणे उघडली. हे त्याने नंतर स्वतःच सांगितले, अगदी सहज. कोळशाचा नियम कोळशाला होता. आहुती म्हणजे कोळसा नव्हे. इतकी वर्षे ज्याचा हात चुकला नाही त्या माणसाच्या मनात त्या क्षणी दोन झाकणांचा विचार आलाही नसेल. आहुती दिल्यावर झाकणे तशीच उघडी ठेवून तो हात जोडून कोठीसमोर बसला.

वहिनी त्याला जेवायला बोलवायला गेल्या. जाजम बाजूला सारून त्यांनी पाहिले तर दादा भिंतीला टेकून बसलेला, चेहरा लालसर, तजेलदार.

"अवो, उठा ना. काहून बसले असे? पानं वाढली नं." मग त्यांचा आवाज बदलला. "भाऊजी! हे बोलून नाई राह्यले!"

करीम मिस्त्रींनी एका झटक्यात सगळ्या जाजमा ओढून खाली टाकल्या. आम्ही दादाला उचलून लिंबाखाली निजवले. दवाखान्यातले डॉक्टर आले. मोकळी हवा हेच औषध, असे म्हणाले. ऊन कलायच्या आत दादाने डोळे उघडले. डोके दुखत होते, एकदा उलटी झाली. संध्याकाळी मी नको नको म्हणत असता तो उठला आणि पंखा फिरवून त्याने विस्तव फुलवला. सुई जागेवर उभी राहिली आणि मला रडू आले.

दिवाळीपर्यंत सगळे ठीक होते. फॅक्टरीत त्याची थट्टा चाले. "संपत, आता बिडीले काडी लावजो नोको," करीम मिस्त्री म्हणत, "तुह्याच्यात गॅस भरला हाय. तूच उडशील." दादाही हसे. वहिनींनी देवीला साडीचोळी वाहिली.

दिवाळी झाली आणि एका सकाळी पोपटलालशेठ आले. या वेळी समोरच्या दुकानाचे नाव निघाले नाही. "बाबू," ते म्हणाले, "तुमच्याकडे कोणी आजारी हाय काय? दिवा दम खाऊन राह्यला. वर जाते, खाली येते."

मी हसून वेळ मारून नेली. पण मी ते आदल्या आठवड्यातच पाहिले होते. सुई हलू लागली होती. आधी केसभर, मग बोटभर. ओल्या कोळशाने असे होते, म्हणून मी गोदामातला कोळसा हातात घेऊन पाहिला. कोरडा होता.

त्यानंतर माझे वाचन सुटले. तापलेल्या मुलाच्या उशाशी बसावे तसा मी सुईसमोर बसे. ती खाली जाऊ लागली की मनात म्हणे, राख खरड, दादा, राख खरड. कधी तो खरडे, सुई वर येई. कधी ती खालीच जात राही. मग करीम मिस्त्री इंजिन सोडून पलीकडे जात आणि मला त्यांचा आवाज ऐकू येई, "क्या रे संपत, कोळसा दे ना भाई," अगदी सहज विडी मागावी तसा. दादा खांबाला टेकून उभा असे. हातात फावडे, आणि ते कशासाठी घेतले हे आठवत नसे.

घरी तो गप्प झाला. पूर्वी जेवताना सबंध दिवसाच्या नकला करणारा माणूस, आता ताटातली भाकरी संपली तरी हात तसाच ताटावर ठेवून बसायचा. चालताना पाय घासत. एकदा मळ्यातून येताना त्याने मला विचारले, "इठू, आपण जाऊन राह्यलो का येऊन राह्यलो?"

मी म्हणालो, "येऊन राह्यलो, दादा."

"बरं झालं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तपासले. नाडी चांगली, छाती साफ. थकवा आहे, बरे होईल, म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कसूर नव्हती. त्यांनाही ठाऊक नव्हते. मी रजा काढून अकोल्याला गेलो आणि ओळख काढून एका डॉक्टरांच्या कपाटातले इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचले. असा रोगी आधी बरा होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा ढासळतो, असे त्यात होते. काही परततात, काही परतत नाहीत. कोण परततो ते नव्हते. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले, जणू सावकाश वाचले तर खाली आणखी एखादी ओळ उमटेल.

घरी आल्यावर वहिनींना सगळे सांगितले. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हंजे पयल्यासारखे होतीन का नाई, हे त्या पुस्तकवाल्याले मालूम नाई?"

"नाही."

"मंग त्याले कायले पुसाचं?" त्या म्हणाल्या. "मी पायतो काय कराचं ते."

दुसऱ्या दिवसापासून त्या दादाबरोबर वीजघरात येऊ लागल्या. येताना विळी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. गॅसघराच्या उघड्या बाजूला बसून त्या भाजी साफ करीत आणि दादाला एक एक काम सांगत. कामे त्यांनी करीम मिस्त्रींकडून विचारून घेतली होती. "आता वरचं उघडा. टाका कोयसा. हाव. आता लावा. लागलं? हालवून पाहा. आता दांडा वढा." आवाज मुलाला आंघोळीला नेताना बाई बोलते तसा. दादा सांगितलेले नीट करी. हाताला अजून आठवत होते, सांगणारे कोणी हवे होते. माझी सुई पुन्हा बरीच सरळ झाली. पण ती सरळ असली की मला जास्त धास्ती वाटे, कारण ती आता दादाच्या हाताने सरळ नव्हती.

मॅनेजरसाहेबांना बाई आत कशा, हा प्रश्न पडला. करीम मिस्त्रींनी सांगितले, "साहेब, यांची भाजी ताजी असते. तुमच्या बंगल्यावर पाठवू?" सांभार आणि मेथी बंगल्यावर जाऊ लागली आणि तो प्रश्न काही काळ मिटला. आम्हा तिघांना एकच आशा होती. हिवाळा निघेल, दादा परत पहिल्यासारखा होईल आणि कोणाला काही सांगावेच लागणार नाही.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दिवे नुकतेच लागले होते. इंजिनाचा पट्टा सुटला. असे अधूनमधून होई. करीम मिस्त्रींनी इंजिन थांबवले, माझ्या बोर्डावरची सुई शून्यावर येऊन पडली आणि बाजाराकडून ओरडा ऐकू आला. इंजिन थांबले की कोठीचे धुराडे उघडावे लागते, म्हणजे वायू वर निघून जातो. धुराड्याची साखळी खणखणली. वहिनींनी सांगितले असणार, दादाने ओढली असणार. मला बरे वाटले. आणि मग वहिनींचा आवाज आला, नेहमीचा नव्हे.

"अवो, ते नोको. ते नोको!"

मी भिंतीला वळसा घालून धावलो. दादा कोठीच्या पायरीवर चढला होता. खालच्या झाकणाचा दांडा त्याने आधीच ओढून ठेवला होता. एक हात वरच्या झाकणावर होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत काही तरी जपून धरलेले. वहिनी पायरीवर त्याच्यामागे उभ्या राहून झाकण दोन्ही हातांनी दाबून होत्या. ते तापलेले होते.

"सोड," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आहुती राह्यली."

"झाली आहुती. नवमी झाली, वो. दसरा झाला, दिवाळी झाली."

"इंजिन बंद हाय," दादा समजावणीच्या सुरात म्हणाला. "आज नवमीच हाय."

त्याच्या मनात सगळे बरोबर जुळले होते. इंजिन थांबले म्हणजे नवमी. मी दांडा मागे ढकलून खालचे झाकण लावले. मग वहिनींनी हात काढले. करीम मिस्त्रींनी दादाला कमरेला धरून खाली घेतले. त्याची मूठ उघडली तेव्हा तिच्यात सांभाराची चुरगळलेली पाने होती.

करीम मिस्त्रींनी पट्टा चढवला. कोठी मी सांभाळली. दिवे पुन्हा लागले. वहिनी पाण्याच्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या आणि दादा त्यांना विचारत होता, "काय झालं हाताले? पाहू. कायनं भाजलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी हातांना लोणी लावून, वरून फडके गुंडाळून मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागे होतो.

"साहेब, माह्या माणसाले कामावरून काढा."

साहेब गोंधळले. "अहो, माणसं कामावर ठेवा म्हणून येतात. काही तक्रार आहे का?"

"तक्रार नाई. त्याइले गॅस लागला हाय. आमी लपवून राह्यलो होतो. कोठी चांगली हाय, काम चांगलं हाय. माणूस चांगला नाई राह्यला." हे शेवटचे म्हणताना मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने दादाला फाटकावर बसायचे काम देऊ केले. वहिनींनी नको म्हटले. त्यांना दादाला त्या इंजिनाच्या आवाजापासून दूर न्यायचे होते, निदान ते थांबल्याचे त्याला ऐकू येणार नाही इतके दूर.

दादा मळ्यात गेला. कोठीवर मी आणि एक नवा माणूस आलटून पालटून राहू लागलो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी दोन झाकणे दाखवली आणि त्याबरोबर एक जास्तीची सूचना दिली: पूजेच्या आहुतीसाठीसुद्धा दोन्ही एकदम उघडायची नाहीत. पुढच्या खंडेनवमीपासून कोठीचा विस्तव आदल्या दिवशीच विझवला जाई. गार कोठीला हार घालत. संध्याकाळी दिवे उशिरा लागत आणि बाजार तक्रार करी. पोपटलालशेठ तेवढे कधी आले नाहीत.

युद्ध संपले. तेल पुन्हा मिळू लागले. कोठी मोडून भंगारात गेली. पुढे वीजघरही बंद झाले, दूरच्या तारा आल्या आणि मी त्या तारांच्या नोकरीत गेलो. मोठ्या उपकेंद्रांवर भिंतभर सुया होत्या. कोणाचा हात कुठल्या सुईमागे आहे हे तिथे कळत नसे. माझ्या बरोबरीचे त्याला प्रगती म्हणत, आणि ती होतीही. मला मात्र कामावर असताना पुस्तक उघडणे पुन्हा कधी जमले नाही.

दादा पुष्कळ वर्षे जगला. वाफ्याला पाणी देत असे. कधी त्याच वाफ्याला पुन्हा देई आणि मेथी कुजे. माणसांची नावे विसरे, वहिनींचे विसरला नाही. नकला पुन्हा केल्या नाहीत. मी सेवानिवृत्त होऊन परत आलो तेव्हा एका संध्याकाळी वहिनींना विचारले, "वहिनी, दादा परत आला असं तुम्हाला कधी वाटलं?"

"आले ना," त्या म्हणाल्या. "थोडेसेच आले. म्या तेवढ्याइले घरात घेतलं."

मला तसे म्हणता येत नाही. मी त्या पुस्तकातल्या पानावर न उमटलेल्या ओळीची वाट पाहत राहिलो आणि दादा गेला तेव्हाही पाहत होतो.

वीजघराच्या जागेवर आता सरकीचे गोदाम आहे. करीम मिस्त्री नाहीत. मळ्यात विहीर आहे, वांगी आहेत, मेथी आहे. घरात वहिनी आहेत आणि मी आहे.